अलायनर घ्यावेत का? १४ महिने घालून झाल्यावरचं माझं मत

अलायनर म्हणजे दात सरळ करायला घालायची, काढता-घालता येणारी पारदर्शक प्लॅस्टिकची कव्हरं. आधी निकाल सांगते. माझे दात सरळ झाले, मी खूश आहे, आणि तरीही कोणी विचारलं की "घेऊ का गं?" तर मी लगेच हो म्हणत नाही. समोरच्याला आधी विचारते, तू दिवसातून किती वेळा काहीतरी तोंडात टाकतेस? लोकांना वाटतं मी विषय बदलतेय. पण मला विचाराल तर सगळा निर्णय या एका उत्तरावर आहे, बाकी ब्रँड वगैरे नंतर.

माझं वय ३६. खालचे पुढचे चार दात एकमेकांच्या अंगावर चढलेले आणि वरचा एक दात, सुळ्याच्या अलीकडचा, आत वळलेला. लहानपणी बरे होते, तिशीनंतर खालची गर्दी वाढत गेली आणि मी सगळा दोष अक्कलदाढेला देत होते, सगळेच देतात. ते तसं नसतं हे मला या सगळ्या प्रकरणात कळलं. वय वाढतं तसे खालचे पुढचे दात थोडे थोडे दाटतातच, ज्यांना अक्कलदाढ आलेलीच नाही त्यांचेही. म्हणजे "एवढ्या वयात काय आता" हा जो प्रश्न मला घरून आला (आईकडून, अजून कोण) त्याचं उत्तर असं की वय वाढलं म्हणून हे थांबणार नव्हतं, उलट वाढणार होतं, आणि हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर दात कुठल्याही वयात हलवता येतात. जबड्याची वाढ मात्र संपलेली असते, त्यामुळे जबडाच मागेपुढे असेल तर मोठ्या माणसाला नुसतं प्लॅस्टिक घालून तो जागेवर येत नाही. माझं तसं नव्हतं.

मी दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या ठिकाणी दहा मिनिटांत स्कॅन झाला, स्क्रीनवर माझे दात डोलत डोलत सरळ होतानाचा व्हिडिओ दाखवला आणि लगेच पॅकेज, हप्ते, आज बुक केलंत तर अमुक. एक्स-रे नाही, हिरड्या तपासल्या नाहीत, काही नाही. दुसऱ्या ठिकाणी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करण्यातल्या तज्ज्ञ डॉक्टर, होत्या, त्यांनी आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायला लावला, हिरड्यांमध्ये ती बारीक खुणांची सळई घालून प्रत्येक दाताभोवती मोजलं, एक कीड लागलेली दाढ सापडली ती आधी भरून घ्या म्हणाल्या. कारण हिरड्यांचा आजार चालू असताना दात हलवले तर हाड अजून खराब होऊ शकतं. आणि स्कॅनमध्ये फक्त दाताचा वरचा भाग दिसतो, मुळं आणि हाड त्या गोड व्हिडिओत नसतातच! तो व्हिडिओ म्हणजे बेत आहे, तुमचा दात तो व्हिडिओ बघून चालत नाही. मी अर्थात दुसरीकडे गेले आणि हा एकच निर्णय मी या सगळ्यात शंभर टक्के बरोबर घेतला असं वाटतं.

वस्तू म्हणून सांगायचं तर अलायनर म्हणजे पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचं दातांवर बसणारं कव्हर, वर एक खाली एक, आणि प्रत्येक सेट आधीच्यापेक्षा किंचित वेगळ्या आकाराचा. एक सेट एका दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. दाब पडला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवीन भरतं, दात त्या जागेत सरकतो, मग पुढचा सेट. दातांवर चिकटवलेल्या तारेतही (ब्रेसेस) हेच होतं, फक्त तार चोवीस तास तिथेच असते, तुमची मर्जी विचारत नाही. माझा बेत होता २४ सेटचा, दर दहा दिवसांनी एक, म्हणजे आठ महिने. लागले चौदा. का ते सांगते.

पण त्याआधी दोन गोष्टी ज्या जाहिरातीत कधी धड दिसत नाहीत. एक, अटॅचमेंट. दातांच्याच रंगाचे बारीक उंचवटे दातांवर चिकटवतात, प्लॅस्टिकला पकड मिळावी म्हणून. माझे सात होते, दोन तर अगदी समोर. अलायनर घातल्यावर फारसे कळत नाहीत पण काढल्यावर जिभेला आणि ओठाच्या आतल्या बाजूला सतत खडे लागल्यासारखे लागतात, पहिला आठवडा मी वैतागले होते. शेवटी घासून काढतात, दात परत गुळगुळीत. दुसरी गोष्ट, दातांच्या मध्ये घासणं. जागा करायला दोन दातांच्या मधून बारीक पट्टी फिरवून मिलिमीटरचे काही दशांश एवढं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, काढतात. ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता पण दुखलं अजिबात नाही, फक्त आवाज घाणेरडा. ज्यांची गर्दी जास्त असते त्यांना दात काढावाही लागू शकतो. हे सगळं सुरू करायच्या आधीच विचारून घ्या, मधेच कळलं की फसवल्यासारखं वाटतं.

आता मुख्य मुद्दा. रोज २२ तास घालायचे. सगळे सांगतात, सगळे मान डोलावतात, मी पण डोलावली. २२ तास म्हणजे तोंड मोकळं फक्त २ तास. जेवणं, नाश्ता, चहा, प्रत्येक वेळी नंतर दात घासणं (कारण प्लॅस्टिकखाली अन्न अडकलं की लाळ तिथे पोचत नाही आणि कीड लागायला मोकळं रान), हे सगळं त्या दोन तासांत बसवायचं. साधं पाणी सोडलं तर घालून काहीच प्यायचं नाही, गरम तर नाहीच नाही. मी तशी चहाबाज आणि येता जाता काहीतरी तोंडात टाकणारी, एक कप चहा मी अर्धा तास पुरवते. पहिले दोन महिने मला प्रामाणिकपणे वाटत होतं की मी २१ तास तरी घालतेय. मग पाचव्या की सहाव्या सेटला तो आत वळलेला दात अलायनरमध्ये नीट बसेना, त्याच्या टोकाशी आणि प्लॅस्टिकमध्ये फट दिसायला लागली, आणि मी काय केलं तर चावून चावून बसवला आणि पुढचा सेट लावला. आणि त्याच्या पुढचा. बाकीचे दात गेले पुढे, हा आपला मागेच.

डॉक्टरांनी बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, एक आठवडा फोनवर टायमर लावा, काढलं की चालू, घातलं की बंद. आठवड्याचा हिशोब आला रोज सरासरी ४ तास ४० मिनिटं मोकळं तोंड! म्हणजे मी जेमतेम १९ तास घालत होते आणि शनिवार-रविवारी १७. खोटं बोलायचा विचारही नव्हता हो माझा, मला खरंच माहीत नव्हतं. मग मागच्या सेटवर परत पाठवलं, एकेक सेट दोन-दोन आठवडे, दीड महिना तिथेच गेला.

म्हणून माझा सल्ला एवढाच की पैसे भरायच्या आधी हा टायमरचा आठवडा करा. अलायनर नसतानाच करा. खायला सुरुवात केली की चालू, खाऊन दात घासून झाले की बंद. आपोआप येणारा आकडा तीनेक तासांच्या आत असेल तर थोडं आवरून जमेल. पाच-सहा तास येत असेल, किंवा प्रत्येक खाण्यानंतर दात घासायचा विचारच नकोसा होत असेल, तर तार लावा, सरळ. दाताच्या रंगाची सिरॅमिकची मिळते, आतल्या बाजूने लावायचीही असते, दिसत नाही. ऑफिसात तार दिसेल म्हणून लाज वाटते हे मला समजतं, माझंही तेच कारण होतं, पण गंमत म्हणजे माझ्या अलायनरकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, लक्ष गेलं ते प्रत्येक खाण्यानंतर बेसिनपाशी ब्रश घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे.

रोजच्या जगण्यातलं बाकी पटपट सांगते. दुखणं: नवीन सेटचे पहिले दोन दिवस दात ठणकतात, रात्री झोपताना बदलला की निम्मं झोपेत जातं. बोलणं: पहिले चार-पाच दिवस "चमचा", "जास्त", "झोप" सगळे शब्द ओले, आणि "सासूबाई" म्हणायचं मी टाळतच होते. मग मोठ्याने वाचायला लागले तसं सुटलं. कडा टोचत असतील तर गालाला चट्टे पडतात, नेलफाइलने हलक्या हाताने घासून घ्यायला डॉक्टरांनीच सांगितलं. काढायला नखं तुटतात, त्यासाठी छोटा हूक मिळतो तो वापरा. स्वच्छतेच्या उत्साहात मी एकदा उकळतं पाणी ओतलं, दोन सेकंदांत वरचा सेट आक्रसून शिंपल्यासारखा झाला. साध्या पाण्यानेच धुवायचं, मऊ ब्रशने. आणि आधीचा सेट कधी टाकून द्यायचा नाही, त्या दिवशी मला तोच कामाला आला. डबीशिवाय टिश्यूत गुंडाळून ठेवलात तर तो कचऱ्यात जाणार हे लिहून ठेवा.

सगळं काही अलायनरने होत नाही हेही खरं. दात तिरका असेल तो सरळ करणं, छोट्या फटी बंद करणं, माझ्यासारखी मध्यम गर्दी, हे त्यांना छान जमतं. गोल आकाराचे दात म्हणजे सुळे आणि उपदाढा फिरवणं, किंवा दात हिरडीतून बाहेर ओढून उंच करणं, हे प्लॅस्टिकला अवघड जातं, पकडच सुटते. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, असेल तर तो तर जागचा हलतच नाही, त्याच्याभोवतीच बेत आखावा लागतो. आणि एक गोष्ट मला कोणी आधी नीट सांगितली नव्हती: चढलेले दात सरळ झाले की हिरडीपाशी दोन दातांमध्ये बारीक काळा त्रिकोण दिसू शकतो, मोठ्या माणसांत जास्त. मला खाली एक आहे. आरशात नाक लावलं तरच दिसतो, मला रोज दिसतो.

घरपोच किटवाल्या स्वस्त पर्यायाबद्दल नेहमी विचारणा होते, की आपणच तोंडाचा साचा घ्यायचा, पोस्टाने सेट येतात. या प्रकारातली सगळ्यात मोठी अमेरिकन कंपनी स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, आणि उपचार अर्धवट राहिलेल्या लोकांची आयुष्यभराची गॅरंटी तिच्यासोबतच गेली. पण कंपनी टिकली असती तरी माझं मत हेच असतं. माझ्या बाबतीत तो मागे राहिलेला दात कोणी बघितला असता? मी तर चावून बसवत होते. ब्रँडपेक्षा समोर कोण बसलंय आणि ती व्यक्ती तुम्हाला किती वेळा तोंड उघडायला लावते हे जास्त महत्त्वाचं, इनव्हिजलाइनसारखा नावाजलेला ब्रँड असो की दुसरं काही.

२४ सेट संपल्यावर परत स्कॅन झाला आणि अजून ११ सेट आले, याला रिफाइनमेंट म्हणतात. बऱ्याच जणांना ते लागतात, त्यामुळे ठरलेल्या पैशांत ते धरलेत का हे आधीच कागदावर घ्या. माझे धरलेले होते, नशीब. नवीन सेट येईपर्यंत तीन आठवडे शेवटचाच सेट घालून बसायचं, तेवढाच कंटाळा.

आणि मग रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर टिकवायला नंतर घालायचं कव्हर, ज्याबद्दल सुरुवातीला कोणी तोंडातून शब्द काढत नाही. सरळ झालेल्या दातांना जुनी जागा आठवते, हिरड्यांमधले तंतू कित्येक महिने त्यांना मागे ओढत राहतात. पहिले सहा महिने मला जवळपास दिवसभर घालायला सांगितलं होतं, आता फक्त रात्री, आणि किती दिवस असं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, "दात सरळ हवेत तोपर्यंत." गंमत बघा, इनव्हिजलाइनची कल्पनाच मुळी इथून आली. झिया चिश्ती नावाच्या माणसाने मोठेपणी तार लावून घेतली होती, नंतर रिटेनर घालायचा राहिला की दात सरकायचे आणि परत घातला की जागेवर यायचे, त्यावरून त्याला हे सुचलं आणि १९९७ मध्ये कंपनी निघाली. म्हणजे माझ्यासारख्याच एका विसरभोळ्या माणसाची देणगी.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. गेल्या महिन्यात प्रवासात चार रात्री माझा रिटेनर राहिला. पाचव्या रात्री घातला तर खालचा इतका घट्ट बसला की सकाळपर्यंत दात ठणकत होते. तेव्हापासून डबी फोनच्या चार्जरलाच रबरबँडने बांधून ठेवलीये.