स्विफ्टला बाहेरचा स्वस्त सायलेन्सर: ८ महिने आणि ११ हजार किलोमीटरनंतर

गाडी स्विफ्ट पेट्रोल, ११९७ सीसी, बीएस-४ (धुराच्या सरकारी निकषांची आधीची पायरी). वापर जळगाव शहरात रोजचा, आठवड्यातून एकदा धुळे किंवा चोपडा आणि महिन्यातून एक-दोनदा शेतापर्यंतचा शिवाररस्ता. मूळ सायलेन्सरचा मागचा डबा शिवणीवर सडला म्हणून हे काम निघालं. आवाज वाढवायचा किंवा ताकद काढायची असा उद्देश नव्हता, आणि ज्यांचा तो असेल त्यांच्या उपयोगाचं इथे फारसं काही नाही.

आपल्याकडे डबा सडतो तो मुख्यतः आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या असल्या की डबा पुरेसा तापतच नाही, ती वाफ आत पाणी होऊन साचते. बाहेरून काळी माती. पावसाळ्यात चिखल डब्याच्या वरच्या बाजूला बसतो, वाळून घट्ट होतो, खालून पाहिलं तर दिसत नाही आणि पुढच्या पावसात पुन्हा ओल धरतो. म्हणून नवीन डबा घेताना पहिला प्रश्न पत्र्याचा.

दुकानदार सगळ्याला ‘एसएस’ म्हणजे स्टेनलेस स्टील म्हणतो, पण त्याचे ३०४, ४०९, २०१ असे वेगवेगळे ग्रेड असतात. चुंबक सोबत न्या. ३०४ ला चुंबक जवळपास चिकटत नाही, ४०९ ला चिकटतो. मूळ कंपनीच्या सिस्टिममध्येही ४०९ वापरतात, त्यामुळे चिकटला म्हणजे माल खोटा असं नाही. खरा घोळ २०१ चा. त्यालाही चुंबक चिकटत नाही, चमक तशीच असते, पण तो ३०४ पेक्षा लवकर गंजतो. बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून देत नसेल तर ४०९ चा किंवा ॲल्युमिनाइज्ड (ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या) पत्र्याचा डबा घेतलेला बरा. पत्रा १.२ मिमीपेक्षा पातळ नको. इथे घेतलेला डबा बिनब्रँडचा ३०४, आतून सरळ जाळीची नळी आणि भोवती आवाज शोषणारं ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस), अशा बांधणीचा आहे.

नळीचा व्यास हा दुसरा मुद्दा, आणि बहुतेक पैसे इथेच वाया जातात. १.२ लिटरच्या इंजिनाला २ इंच म्हणजे सुमारे ५१ मिमी बाहेरचा व्यास भरपूर झाला. अडीच इंच टाकला की वायूचा वेग पडतो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला खालचा ओढा कमी वाटतो आणि घुमणारा आवाज वाढतो. बेंड मँड्रेलचेच घ्या, म्हणजे नळीच्या आत दांडा घालून वाकवलेले. साध्या बेंडरवर वाकवलेली नळी कोपऱ्यात चपटी होते, मग २ इंचाची नळी घेऊन उपयोग काय?

खर्च असा झाला: डबा ३,२००, १२ इंची रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा छोटा डबा) १,४००, नळी आणि बेंड १,१००, रबर-पॅकिंग-क्लॅम्प ६५०, आर्गन वेल्डिंग आणि मजुरी १,८००. एकूण ८,१५० रुपये.

रेझोनेटर सुरुवातीला टाळला होता, पैसे वाचावेत म्हणून. ती चूक होती. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे २,४०० आरपीएमला सेकंदाला ८० ठोके. या गाडीत पाचव्या गिअरला ८० ते ८५ च्या वेगाला हेच आरपीएम येतात, आणि पारोळा-एरंडोल पट्ट्यात गाडी बराच वेळ नेमकी त्याच वेगात असते. तिथे केबिनमध्ये असा घूं-घूं आवाज भरायचा की मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलता येईना. बाहेर उभं राहिलं तर काहीच वाटत नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीचा आवाज ऐकून निर्णय घेऊ नका. मधल्या नळीत रेझोनेटर बसवल्यावर घुमणं बरंच उतरलं. पूर्ण गेलेलं नाही, पण चालवताना त्रास होत नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (कॅट, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) हात लावलेला नाही. ‘कॅट काढून टाकू, गाडी पळेल’ असं कुणी सांगितलं तर तिथून निघा. कॅट काढला की त्याच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर चेक इंजिनचा दिवा लावतो, आणि पीयूसीला बीएस-४ पेट्रोल गाडीची आयडलिंगची (गाडी उभी, इंजिन चालू) सीओची म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, एचसीची म्हणजे न जळलेल्या इंधनाची २०० पीपीएम आहे. कॅटशिवाय ती पाळणं अवघड. कायद्याचंही बघा: आवाज आणि धुराचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय ३ महिने लायसन्स बाद. इथे बदल फक्त कॅटनंतरच्या भागात आहे, आणि पाचव्या महिन्यात पीयूसी पहिल्याच फेरीत मिळाली.

आता फिटिंग. कामाच्या आदल्या रात्री सगळ्या जुन्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गरम करून एकदम जोर लावला की स्टड तुटतो आणि दोनशेचं काम दोन हजारांवर जातं. गाडी रॅम्पवर नसेल तर नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, दोन्ही बाजूंना घोड्या (आधाराचे स्टँड) लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्याशिवाय वेल्डिंग सुरू करू देऊ नका. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे, त्यामुळे गाडीवर फक्त टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) मारून घ्यायचे, मग सगळं उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड. स्टेनलेसला साधी नळी जोडताना ३०९एल ची फिलर तार लागते. साध्या ६०१३ रॉडने मारलेला जोड गंजतो आणि तडकतो. जुन्या नळीकडच्या जोडाला, जिथे वेल्डच्या उष्णतेने वरचा थर जळलेला असतो, उष्णता सोसणारा सिल्व्हर रंग मारून घ्या.

स्प्रिंगच्या बोल्टबद्दल मुद्दाम सांगायचं आहे. पुढच्या जोडात डोनट पॅकिंग (गोल कड्यासारखं) आणि दोन स्प्रिंगचे बोल्ट असतात. इंजिन आडवं बसवलेलं असल्याने ॲक्सिलरेटर दिला की ते पुढे-मागे डुलतं, आणि हा जोड बिजागरीसारखा ते सोसतो. ज्या गॅरेजमध्ये हे बसवलं तिथे स्प्रिंग काढून साधे बोल्ट करकचून आवळले होते. दोन महिन्यांत मधल्या नळीच्या वेल्डला केसासारखी तडा गेली. आधी ओळखता आली नाही, कारण आवाज फक्त थंड इंजिनाला ‘टिक टिक’ असा यायचा आणि गरम झालं की बंद व्हायचा. शेवटी जोडाभोवती नखाएवढी काळी काजळी दिसली तेव्हा कळलं. नवीन स्प्रिंग, नवं डोनट आणि तडा भरून ३५० रुपये गेले. गळती सेन्सरच्या आधी असेल तर आणखी वाईट: बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज पडतं.

सायलेन्सर टांगायची रबरंही स्वस्तातली नकोत. स्टेनलेसची एक मीटर नळी ३०० अंशांनी तापली की साधारण ५ मिमी वाढते. अडीच मीटरची सिस्टिम म्हणजे सेंटिमीटरहून जास्त. थंड असताना रबर मागच्या बाजूला ताणून बसवलं असेल, तर तापल्यावर ते आणखी ताणतं. मे महिन्यात जळगावात हवाच ४५ अंशांच्या आसपास असते, तेव्हा साधं रबर तीन महिन्यांत बोटाने दाबलं तरी चिरा दाखवतं. इथे ते झालं, मग ईपीडीएमची (उष्णता सोसणाऱ्या रबराची) बसवली, ती अजून शाबूत आहेत. टेलपाइप आणि बंपरमध्ये किमान २५ मिमी जागा ठेवा आणि टोक बंपरच्या बाहेर १०-१५ मिमी काढा. टोक आत राहिलं तर बंपर मऊ पडतोच, पण मागची काच उघडी असताना धूरही केबिनमध्ये येतो, आणि त्यातला सीओ जिवावर बेततो.

ॲव्हरेज आधी १७.४ होतं, आता १७.१ ते १७.५, म्हणजे फरक नाही. ताकदीतही नाही. आवाज पहिले चार महिने मूळच्या थोडा वर होता, नंतर किंचित वाढला. या बांधणीत ग्लासवूल हळूहळू जळतं आणि उडतं, हे धरूनच चाला. पुढच्या वेळी चेंबरचा (आत ग्लासवूलऐवजी कप्पे असलेला) डबा घेतला जाईल, जड असला तरी. डब्याच्या सर्वांत खालच्या जागी ३ मिमीचं भोक पाडून घेतलं आहे, सकाळी तिथून थेंब पडतात आणि डबा कोरडा राहतो.

शेतात गाडी लावताना वाळलेलं गवत, केळीची पानं, पऱ्हाट्यांचा कचरा खाली नसेल तिथेच लावा. कॅट काही मिनिटांत काडीकचरा पेटवण्याइतका तापतो. पावसाळा संपला की डब्याच्या वरची माती पाण्याने उडवून काढा, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.