वाळू धुण्याच्या प्लांटवर फिल्टर प्रेस, अकरा महिने वापरून

मागच्या दसऱ्यानंतर आमच्या क्रशरवर फिल्टर प्रेस बसवला, म्हणजे कापड लावलेल्या प्लेटांमधल्या खणांत गाळ दाबून पाणी पिळून काढणारं यंत्र. एक उन्हाळा निघाला, पावसाळा संपत आलाय. घ्यावा का, असं विचारणारे फोन येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

प्लांट लातूर जिल्ह्यात, काळ्या दगडाचा. तासाला चाळीसेक टन क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) धुतो. आयएस ३८३ या भारतीय मानकाप्रमाणे क्रश सँडमध्ये १५० मायक्रॉनखालचा माल २० टक्क्यांपर्यंत चालतो. पण गवंडी आयएस बघत नाही. वाळू मुठीत दाबतो, तळहाताला दगडाचं पीठ चिकटलं की गाडी परत. त्यामुळे धुण्याला पर्याय नाही.

धुतलं की पीठ पाण्यात येतं. आधी ते पाणी तीन खड्ड्यांत सोडायचो. वरचं पाणी परत घ्यायचं, खालचा गाळ पोकलेनने काढायचा. बकेट भरली की तो श्रीखंडासारखा ओघळायचा आणि त्याच्यासोबत पाणीही जायचं. रोजचे आठ टँकर लागत, दहा हजार लिटरचे. २०१६ला लातूरकरांनी मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय. अशा मुलखात वाळू धुवायला आठ टँकर घेताना शेजारच्या शेतकऱ्याकडे बघायला लाज वाटायची.

तांब्या-जस्ताच्या खाणींवर हेच यंत्र कॉन्सन्ट्रेटमधलं (दगडातून वेगळ्या काढलेल्या धातूच्या भुकटीतलं) पाणी पिळायला वापरतात. तिथे केक, म्हणजे पिळून उरलेली वडी, हाच माल. तो ओला राहिला तर वाहतुकीत पाण्याचं भाडं भरावं लागतं, जहाजात तर ओला माल हलून पातळ होण्याचा धोका. आमचं उलटं आहे. आमचा केक म्हणजे कचरा आणि पाणी हाच माल. एकदा हे डोक्यात बसलं की कोटेशनमधल्या निम्म्या गोष्टी आपल्याला नकोत हे कळतं. फुगून केक आणखी पिळणाऱ्या मेम्ब्रेन प्लेटा आम्ही घेतल्या नाहीत. साध्या प्लेटांवर केकमध्ये वीसेक टक्के पाणी राहतं, आम्हाला तेवढं पुरतं.

१२०० बाय १२०० मिलिमीटरच्या ६० प्लेटा. एका फेरीला चारेक टन ओला केक, फेरी ४० मिनिटांची, दिवसाला दहा फेऱ्या. टँकर आठावरून चारावर आले. उरलेले चार बंद होणार नाहीत, कारण धुतलेली वाळू स्वतःच पाणी घेऊन गाडीत बसते. "पाणी शंभर टक्के परत" म्हणणाऱ्या सेल्समनला एवढंच विचारा.

बसवताना एक चूक आमचीच झाली. दाब चढला की बाजूचे दोन्ही बार ताणले जातात, म्हणून प्लेटा दाबणाऱ्या सिलिंडरकडच्या पायाला लांबट भोकं असतात. तो पाय थोडा सरकायला हवा. आमच्या फिटरने मजबुतीसाठी तोही वेल्डिंगने पक्का केला. आठव्या दिवशी पायाखाली ओतलेलं ग्राउट तडकलं.

दुसरी चूक महागात पडली. रात्रपाळीला पोरांनी एका प्लेटच्या मधल्या, गाळ आत येण्याच्या भोकातला जुना केक खरवडला नाही. त्या खणात गाळ शिरलाच नाही, शेजारचा खण मात्र भरला. प्लेटवर एकाच बाजूने चौरस सेंटिमीटरला ७ किलोचा दाब. हिशेब करून बघा, ११० बाय ११० सेंटिमीटरच्या तोंडावर ८० टनांच्या वर रेटा होतो. प्लेट वाकली आणि चिरली. त्या दिवसापासून प्लेट उघडली की भोकात बॅटरी मारून बघायचं, हा नियम.

आता पावसाळा, म्हणजे खरी परीक्षा. खाणीत दगडाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागतो आणि वरून काळी माती धुपून येते. जुलैत एका सकाळी आमचे ऑपरेटर मामा आले, "मालक, पानी गढूळ यायलंय आन् वडी बी पडंना." (केकला आमच्याकडे वडीच म्हणतात.) प्रेस उघडला तर कडेला बोटभर वडी आणि मध्ये नुसता रबडा, सगळा खाली ओतला. निव्वळ दगडाचं पीठ पाणी सोडतं, पण ही माती फुगते आणि कापडावर सायीसारखी बसते. मग वाटेल तेवढा दाब द्या, पाणी निघत नाही. ४० मिनिटांची फेरी ७५ वर गेली, थिकनर (प्रेसआधीची गाळ बसवायची टाकी) भरला, दुपारी प्लांट बंद.

कंपनीचा माणूस आला आणि दाब वाढवा म्हणून गेला. त्याने काही फरक पडला नाही. उपयोग दोन गोष्टींचा झाला. एक, क्रशरच्या आधी ग्रिझलीवर (जाड दांड्यांच्या चाळणीवर) माती-मुरूम वेगळा काढायला लागलो. दोन, थिकनरच्या तळाचा गाळ लिटरच्या मापात घेऊन काट्यावर ठेवायचा. १३५० ग्रॅमच्या आसपास भरला तरच प्रेसला सोडायचा. १२५० भरला तर थांबायचं, पॉलीचा (गाळ खाली बसवणाऱ्या रसायनाचा) डोस बघायचा. किराणा दुकानातला काटा आहे, पण अख्ख्या पॅनलपेक्षा मामांचा विश्वास त्याच्यावर जास्त.

कापडाचा पहिला संच सात महिने चालला. कडेला केकचा कण राहिला की तिथून चिळकांडी उडते आणि ती प्लेटची कडसुद्धा खाते, म्हणून पट्टीने पुसणं चुकवू नका. पट्टी लाकडाची घ्या, लोखंडाची नको. आणि वडीवर शेड हवंच. आमची उघड्यावर पडली होती, दोन पावसांत परत चिखल झाली. वीटभट्टीवाला सुक्या दिवसांत नेतो, पावसाळ्यात फोन उचलत नाही.

पाचपैकी चार देईन. एक गुण कापला तो सर्व्हिससाठी. चिरलेल्या प्लेटच्या जागी नवी यायला २३ दिवस लागले. तेवढे दिवस ती आणि शेजारची प्लेट काढून ५८ वर चालवलं. आता दोन प्लेटा आणि कापडाचा अर्धा संच ऑफिसात कपाटामागे ठेवलाय.