अभ्यासिका की युवा केंद्र?

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. त्यामुळे येथे वस्तीत जागा मिळाली की प्रथम अभ्यासिका सुचावी, हे स्वाभाविकच. दाटीच्या घरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना ती शांतता आणि उजेड देते, मात्र परीक्षेत अपयश आल्यावर पुढे काय, हे तेथे सहसा कोणी विचारत नाही. युवा केंद्राला खर्च अधिक येतो; परंतु सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी कशी मिळवावी, अर्ज कसा भरावा, मुलाखतीत कसे बोलावे, हे समजावणारा जाणता माणूस तेथे असेल, तर शाळा सुटलेल्या मुलामुलींनाही वाट सापडते. असा माणूस नसेल, तर उरते ती कॅरमची खोली (तीही अगदीच वाईट नव्हे). एकच निवडायचे झाल्यास मी केंद्र निवडेन, कारण त्यातील एका खोलीत अभ्यासिका सहज मावते.