माध्यम-संस्कृतीच्या सिद्धांतांची सुरुवात कोठून करावी? विदर्भातील ग्रामीण महाविद्यालयांसाठी एक तुलना

यवतमाळ, वाशीम, गडचिरोली किंवा गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याच्या महाविद्यालयात माध्यमे आणि संस्कृती या विषयाचा दोन क्रेडिटचा पेपर शिकवायचा म्हणजे प्राध्यापकाच्या हाती कागदोपत्री ३० तास असतात. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गातील बरेच बाक रिकामे होतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच तास मिळतात. अशा स्थितीत सगळेच सिद्धांत थोडे थोडे उरकण्याचा मोह टाळलेला बरा. आरंभ कोणत्या सिद्धांताने करायचा, हाच खरा निर्णय आहे, कारण पहिल्या पंधरवड्यात विद्यार्थ्याला ज्या तऱ्हेचे प्रश्न विचारण्याची सवय लागते तीच पुढे टिकते. व्यवहारात चार वाटा उपलब्ध आहेत आणि त्या सारख्या मोलाच्या नाहीत.

पहिली वाट कालक्रमाची, म्हणजे फ्रँकफर्ट परंपरेपासून निघणारी. १९२३ मध्ये फ्रँकफर्ट येथे स्थापन झालेल्या सामाजिक संशोधन संस्थेतील विचारवंतांना नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागला, आणि अमेरिकेत हॉलिवूड व रेडिओ भरात असताना थिओडोर अडोर्नो व मॅक्स हॉर्कहायमर यांनी संस्कृती-उद्योगाची मांडणी केली. १९४७ मध्ये ती ॲमस्टरडॅम येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. चित्रपट आणि गाणी एकाच साच्यातून निघणाऱ्या मालासारखी असतात व त्यांच्यातील वेगळेपणा वरवरचा असतो, हा तिचा गाभा. विद्यार्थ्याला तो चटकन पटतो. घरी संध्याकाळी लागणाऱ्या मालिका आठवल्या तरी पुरते. पण इतक्या सहज पटण्यातच धोका आहे, कारण आपली आई आणि आजी रोज फसवल्या जात आहेत एवढाच निष्कर्ष घेऊन तो वर्गाबाहेर पडतो.

ही मांडणी झाडीपट्टीच्या नाटकांना लावून पाहावी. धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर पूर्व विदर्भात रात्रभर चालणारी ही नाटके उघडपणे व्यावसायिक आहेत: वडसा येथे कंपन्यांची कार्यालये आहेत, तिकिटे विकली जातात, विनोदी पात्र आणि गाण्यांचा साचाही बहुधा ठरलेला असतो. तरीही नाटक गावातले मंडळ आणते, त्या निमित्ताने लेकी-जावई मुक्कामाला येतात, सोयरिकीची बोलणी होतात. इथला प्रेक्षक एकटा नसतो आणि निमूटही नसतो. फ्रँकफर्टच्या चौकटीत या गोष्टीला नीट जागा सापडत नाही, म्हणून मी ती वाट आरंभासाठी सुचवणार नाही. सत्राच्या शेवटी, विद्यार्थ्याला वाद घालता येऊ लागल्यावर, ती अवश्य शिकवावी.

दुसरी वाट स्टुअर्ट हॉल यांची. १९३२ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे जन्मलेले हॉल १९५१ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि पुढे बर्मिंगहॅमच्या समकालीन संस्कृती अभ्यास केंद्राचे संचालक झाले. १९७९ पासून तर त्यांनी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात, विद्यापीठाची वाट एरवी ज्यांच्यासाठी बंद राहिली असती अशा प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवले, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९७३ च्या निबंधात त्यांनी दाखवले की संदेश घडवणारा एक अर्थ त्यात भरतो, परंतु घेणारा तो आपल्या जागेवरून उलगडतो: कधी जसाच्या तसा स्वीकारतो, कधी तडजोड करून घेतो, तर कधी मुळातूनच विरोधात वाचतो.

हे समजावण्यासाठी प्रोजेक्टर लागत नाही. बहुतेक कृषी केंद्रांच्या भिंतीवर कपाशीच्या बियाण्याचे पोस्टर असते. पांढरा सदरा घातलेला कास्तकार छातीइतक्या पिकात हसत उभा, बोंडे मुठीएवढी आणि सगळी एकाच वेळी फुटलेली. विद्यार्थ्यांना ते पाहून यायला सांगावे आणि वर्गात चर्चेला घ्यावे. हे वाण लावले की असे पीक येते, हे पहिले वाचन. बियाणे चांगले असेल, पण ते ओलिताची सोय असलेल्याला लाभेल, आमच्या हलक्या कोरडवाहू जमिनीत नाही, हे दुसरे. तिसरे वाचन ज्या घरातील बाया वेचणीला जातात त्या घरातील मुलीकडून येण्याची शक्यता अधिक: कापूस पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वेच्यात हाती येतो, मग इथे सगळी बोंडे एकदम कशी फुटली, आणि तो वेचणाऱ्या बाया चित्रात कुठे आहेत? फवारणी करणारा मजूर कुठे आहे, हाही प्रश्न त्यातूनच निघतो, आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले हे ज्यांना आठवते त्यांच्यासाठी तो केवळ अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. चित्रात जे नाही ते वाचता येणे ही माध्यम-अभ्यासातील पहिली कमाई आहे, आणि शेतीचे ज्ञान असलेला विद्यार्थी इथे शहरी विद्यार्थ्याच्या पुढे असतो.

हॉल यांच्या मांडणीतही उणिवा आहेत. १९८० मध्ये ब्रिटिश माध्यम-अभ्यासक डेव्हिड मोर्ली यांनी बीबीसीच्या एका कार्यक्रमाच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि वाचनाचा प्रकार केवळ सामाजिक वर्गावरून ठरत नाही हे दाखवले. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे: पोस्टर कोणी लावले, त्याचे पैसे कोणाला मिळाले, याकडे या चौकटीचे लक्ष कमी जाते.

ते लक्ष तिसरी वाट देते, ती राजकीय अर्थशास्त्राची. कॅनडाचे डॅलस स्माईद यांनी १९७७ मध्ये म्हटले की व्यावसायिक माध्यमे मुळात जाहिरातदाराला प्रेक्षक विकतात. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि खेड्यापाड्यांत मोबाइलवर व्हिडिओ पाहणारे आणि करणारेही वाढले, तेव्हापासून हे विधान अधिकच खरे ठरले आहे. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या मुला-मुलींनी मेहनतीने जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. तो प्रेक्षक त्यांचा कधीच नव्हता, हे या उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके व्याख्यानाने होत नाही. अडचण अशी की कंपन्यांचे हिशेब आणि कोणाला कोणता व्हिडिओ दाखवायचा हे ठरवणारे शिफारशींचे गणित विद्यार्थ्याला तपासता येत नाही, आणि मराठीत या विषयावर वाचायला फार थोडे आहे. आरंभ म्हणून ही वाट जड जाते, दुसरा टप्पा म्हणून अपरिहार्य आहे.

चौथी वाट सार्वजनिक चर्चाविश्वाची, म्हणजे लोक एकत्र येऊन सर्वांच्या प्रश्नांवर बोलतात त्या अवकाशाची. जर्मन विचारवंत युर्गेन हाबरमास यांनी १९६२ मध्ये युरोपातील वृत्तपत्रे व कॉफीगृहांतून घडलेल्या चर्चाविश्वाचा इतिहास मांडला, आणि १९९० मध्ये अमेरिकन विचारवंत नॅन्सी फ्रेझर यांनी त्यात कोणाला प्रवेशच नव्हता हे विचारून वंचितांनी स्वतः उभारलेल्या प्रति-चर्चाविश्वांची कल्पना पुढे आणली. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला ही कल्पना परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाले, आणि पैसे देण्याची तयारी असूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. या वाटेचा मोठा लाभ असा की ‘मूकनायक’मधील मूळ लेखन मराठीत आहे. बाकीच्या तिन्ही वाटांवर विद्यार्थी सारांशावर अवलंबून राहतो, इथे तो स्वतः वाचतो. मात्र अशा तासाला वर्गातील बौद्ध विद्यार्थ्यांकडे वळून त्यांना साऱ्या समाजाच्या वतीने बोलायला लावू नये, कारण तो भार त्यांच्यावर टाकण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.

‘माध्यम हाच संदेश’ म्हणणारे मार्शल मॅक्लुहान आणि रोजच्या गोष्टींतील चिन्हांचे अर्थ उलगडणारे रोलाँ बार्थ यांच्यासाठी या पेपरात एकेक तास पुरेसा आहे.

माझा कौल असा: पहिले १० तास हॉल आणि पोस्टर, नंतरचे ८ ‘मूकनायक’ व फ्रेझर, त्यापुढचे ६ स्माईद आणि मोबाइल, आणि उरलेल्यांत फ्रँकफर्ट व इतर. आंबेडकरी जलसे व भीमगीतांची परंपरा जागती असलेल्या गावांत पहिल्या दोन टप्प्यांचा क्रम उलटा करावा. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका व्याख्या विचारणारी असेल, तर शेवटच्या तासांत व्याख्या लिहून द्याव्यात, परंतु अंतर्गत मूल्यमापनाचे गुण विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या एका जाहिरातीच्या, नाटकाच्या किंवा व्हिडिओच्या लेखी वाचनालाच द्यावेत, आणि ते वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत लिहिले असेल तर गुण कापू नयेत.