केबल नेट, सहकारनगर, पुणे : दुपारी १४०, रात्री ४५

मी घरूनच लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करते. फोटोग्राफर ड्राइव्हवर फोटो टाकतात, मी ते उतरवून घेते, निवडते, पानं लावते. एका लग्नाचे साधारण ४० जीबी. हळदीला वेगळा फोटोग्राफर असला तर त्याचे आणखी. म्हणजे माझं पोट डाउनलोडवर चालतं, तेव्हा हा रिव्ह्यू त्याच हिशेबाने वाचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेवटी निम्मा दोष माझ्याच घरात निघाला.

प्लॅन १५० एमबीपीएसचा. ७९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ९४३. टीव्हीच्याच केबलमधून येणारं नेट, वेगळी वायर नाही. फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत आलंय, पण त्यांना आमच्या जिन्यात भोक पाडू द्यायचं की नाही यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन वर्षं चर्चा सुरू आहे. तोवर हेच.

पाच वर्षं बरं चाललं. गेल्या पावसाळ्यात, गणपतीच्या आसपास, वेग ११ वर आला. आधी हिशेब सांगते, कारण फोनवर तक्रार करताना निम्मे लोक इथेच अडकतात. १५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १५० एमबी नव्हेत. ते मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. आठाने भागायचं, पावणेएकोणीस येतात. त्या वेगाने ४० जीबी छत्तीस मिनिटांत उतरायला हवेत. ११ च्या वेगाने आठ तास लागतात. रात्री लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघायचं, तर ड्राइव्हच्या दोन-दोन जीबीच्या झिपांपैकी सातवी अर्धवट पडलेली.

कस्टमर केअरला पाच फोन केले. पाचही वेळा एकच मंत्र : मॉडेम बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. सहाव्यांदा मी म्हटलं, "अहो, तो आता माझ्यापेक्षा जास्त विश्रांती घेतोय." पलीकडून, "मॅडम, एकदा करून बघा ना." मग मी वही केली. तारीख, वेळ, वायफाय की वायर, आकडा. पाच वर्षांत ऑफिसची नोंदवही भरल्यासारखं पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं.

एफयूपी, म्हणजे महिन्याची वापरमर्यादा, आधीच बघितली होती. १००० जीबीतले सहाशेच वापरले होते, म्हणजे ते कारण नव्हतं.

वहीतून पहिली गोष्ट कळली ती अशी की स्पीड टेस्टवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो बऱ्याचदा कंपनीचाच असतो. घरातल्या घरात धावल्यासारखं. मी मुंबईचा, दुसऱ्याच कंपनीचा सर्व्हर हाताने निवडला, तेव्हा खरं चित्र दिसलं. दुसरी गोष्ट म्हणजे वायफाय बाजूला ठेवून लॅपटॉपला लॅन केबल जोडून मोजायचं. आमच्या मजल्यावरून बावीस वायफाय दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. बावीस बिऱ्हाडं आणि तीन मोऱ्या. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण आमच्या भिंती जुन्या, जाड, त्यातून ते स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा धड पोचत नाही.

लॅनवर मोजलं तर दुपारी एकदा ९४ आले. दुसऱ्या दिवशीही बरोबर ९४. हा आकडा लक्षात ठेवा. पुन्हा पुन्हा ९४-९५ वरच अडत असेल तर बहुतेक वेळा दोष लाइनचा नसतो, लॅन केबलचा असतो. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. चारही शाबूत असतील तरच गिगाबिट चालतं. एखादी तुटली तर जोडणी १०० वर उतरते, आणि त्यातून हाताला ९४ लागतात. आमची केबल कपाटाच्या पायाखाली दबलेली होती. तापकीर गल्लीतून नवी आणली, दीडशे रुपये. दुकानदाराने वर सल्लाही दिला की कपाटाखालून टाकू नका. धन्यवाद.

म्हणजे कधीमधी ९४ येत होते, पण बहुतेक वेळ ११. इथून पुढचं काम लाइनमनचं.

पहिले दोघे आले ते मोबाइल घेऊन. हॉलमध्ये उभं राहून वायफायवर टेस्ट केली, "ताई, वायफायवर एवढंच येतं," आणि गेले. एकाने चहा घेतला. तिसरा आला तो मीटर घेऊन. बूट काढायच्या आधी विचारलं, "स्प्लिटर कुठाय?" म्हणजे एका केबलचे फाटे करणारी डबी. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

मॉडेमचं स्वतःचं एक पान असतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की बहुतेक केबल मॉडेमांत उघडतं. त्यात लाइनवरून येणारी सिग्नलची पातळी दिसते. ती शून्याच्या आसपास, उणे ७ ते अधिक ७ च्या मध्ये असली की निश्चिंत. आमची उणे १३. शेजारच्या रकान्यात सिग्नल आणि खरखर यांचं प्रमाण, ते ३३ च्या वर हवं, आमचं २९. आणि मॉडेम केबलवरून ज्या आठ चॅनलवर डेटा घेतो, त्यांपैकी दोनच धरलेले. तो म्हणाला, "लेव्हलच नाही ताई, मॉडेम बिचारा काय करणार?"

मग शोकेस सरकवली. मागे अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, कारागिरी. चार तोंडांचा स्प्लिटर. एक तोंड आईंच्या टीव्हीला, एक मॉडेमला. तिसरं आतल्या खोलीत, जिथे आता टीव्ही नाही. चौथ्याची वायर गॅलरीत, कारण २०११ च्या वर्ल्डकपला अण्णांनी गॅलरीत टीव्ही लावून अर्धी बिल्डिंग जमवली होती. त्या फायनलची आठवण अजून निघते. तिची वायर भिंतीत तशीच होती, उघडी, आणि पाऊस पीत होती. शिवाय पॅसेजमध्ये या स्प्लिटरच्याही आधी एक दोन तोंडांचा.

दोन तोंडांचा स्प्लिटर सुमारे साडेतीन डीबी (डेसिबल) सिग्नल खातो, चार तोंडांचा सात. तीन डीबी गेले की ताकद निम्मी. म्हणजे आमच्याकडे आलेल्या सिग्नलचा अकरावा हिस्साही मॉडेमपर्यंत पोचत नव्हता, आणि उघड्या तोंडांतून बाहेरचा गोंगाट आत शिरत होता तो वेगळाच. त्याने दोन्ही काढून टाकले, दारापाशीच दोन तोंडांचा एक बसवला. एक टीव्हीला, एक मॉडेमला. बास.

मग आम्ही गच्चीवर गेलो. जॉइंटला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. ती सोडली तर आतून पाणी ओघळलं आणि मधली तांब्याची तार हिरवी पडलेली. वीतभर वायर कापून नवी पिन क्रिंप केली, वर रबरी टोपी. वायर आत घेताना खाली एक झोळ सोडला, पाणी तिथूनच गळावं म्हणून. हे त्याने न सांगता केलं. माणसाला काम येतं की नाही ते अशा ठिकाणी कळतं.

खाली येऊन पाहिलं : पातळी उणे ५, खरखरीचं प्रमाण ३६, आठही चॅनल धरलेले. मुंबईच्या सर्व्हरवर १४१. एक अनपेक्षित फायदा म्हणजे आईंच्या मालिकेत ऐन रडण्याच्या वेळी पडद्यावर जे चौकोन पडायचे तेही थांबले. वर्षभर त्या म्हणत होत्या, "टीव्ही खराब झालाय, नवा घ्या." आम्ही दुर्लक्ष केलं. त्यांनी मला आता दोन दिवस ऐकवलं.

इथपर्यंत पाच तारे. पण संध्याकाळ झाली.

रात्री आठ ते अकरा वेग ४५ वर येतो. नव्या लॅन केबलवर, सिग्नल दुपारइतकाच चांगला असताना. मॉडेमच्या पानावर काहीच बिघाड दिसत नाही, फक्त पिंग, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ, चढतो. हा आजार घरातला नाही. केबल नेटमध्ये एका भागातली घरं एकच वाट वाटून घेतात. सगळ्यांनी जेवणानंतर काहीतरी लावलं की वाट तुंबते. उपाय एकच : कंपनीने तो भाग दोन हिश्शांत तोडायचा. लाइनमनच म्हणाला, "हे माझ्या हातात नाही ताई, ऑफिसला लिहा."

लिहिलं. आणि इथे कस्टमर केअरची खरी परीक्षा झाली. पहिल्यांदा त्यांनी तक्रार नंबरच दिला नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीला डॉकेट नंबर द्यावाच लागतो, आणि समाधान झालं नाही तर कंपनीतच वर अपील करता येतं. हे बोलल्यावर दोन मिनिटांत नंबर आला. उत्तर मात्र आलं : "कृपया मॉडेम रीस्टार्ट करून पाहा." मी वहीतल्या एकवीस दिवसांच्या रात्रीच्या आकड्यांचे फोटो जोडून अपील केलंय. परवा ऑफिसातून एक फोन आला, "तुमच्या एरियात अपग्रेड प्लॅन आहे." कधी, ते सांगितलं नाही.

तोवर मी सकाळी सहाला उठून डाउनलोड लावते. त्या वेळी १४५ मिळतात, चहा होईपर्यंत हळद उतरलेली असते.

लाइनमनला पाच तारे. कस्टमर केअरला एक. जोडणीला तीन, आणि तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू व्हायच्या आत रात्री नऊला शंभर दिसले तर चौथा देईन.