दहा महिन्यांनंतर: सतराशे रुपयांचे इअरफोन आणि ±3 डेसिबल

गेल्या ऑक्टोबरात सतराशे रुपयांना घेतलेले वायरचे इअरफोन मी दहा महिने जवळजवळ रोज वापरले, बहुतेक वेळा डोंबिवली ते सीएसएमटी या लोकलप्रवासात. आवाज या किमतीच्या मानाने बराच चांगला आहे, वायर वेगळी काढून बदलता येते आणि तासभर घातले तरी कान दुखत नाहीत. एवढे सांगितले की कौतुक संपते, कारण माझी तक्रार या मॉडेलबद्दल नसून माझ्या वाट्याला आलेल्या नगाबद्दल आहे.

पहिल्याच आठवड्यात आकाशवाणीची जुनी नाट्यपदे ऐकताना काहीतरी खटकले. ती ध्वनिमुद्रणे मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत एकच ध्वनी जातो आणि गायकाचा स्वर कपाळाच्या बरोबर मध्यावर ऐकू यायला हवा. मला तो डाव्या भुवईवर ऐकू येत होता. आधी स्वतःच्या कानावर संशय घेतला आणि डावा इअरफोन उजव्या कानात, उजवा डाव्या कानात अशी अदलाबदल केली, तर स्वर उजवीकडे सरकला. म्हणजे कान निर्दोष होते. मग वायरीच्या दोन्ही पिना काढून उलटसुलट जोडल्या, तरी कमी आवाज उजव्याच इअरफोनमधून येत राहिला, तेव्हा दोष ड्रायव्हरचा (इअरफोनमधला प्रत्यक्ष आवाज निर्माण करणारा भाग) किंवा त्याच्या भोवतालच्या जाळीचा असणार हे नक्की झाले.

खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत ‘संवेदनशीलता 105±3 डेसिबल’ असे छापलेले आहे. संवेदनशीलता म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर किती मोठा आवाज येतो ते. हा आकडा मी पूर्वी कधी वाचण्याच्या भानगडीत पडलो नव्हतो. त्याचा शब्दशः अर्थ घेतला तर एक ड्रायव्हर 102 आणि दुसरा 108 डेसिबलचा असला तरी दोन्ही तपासणीत उत्तीर्ण ठरतात, आणि 3 डेसिबलच्या फरकालाच दुप्पट वीज लागते हे पाहता 6 डेसिबल म्हणजे चौपट झाली. कानाला तर एखाद्या डेसिबलचा फरकही मोनो ध्वनीत जाणवू शकतो. प्रत्येक ड्रायव्हर मर्यादेत बसतो का, हे पाहणे वेगळे आणि डावा-उजवा एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे वेगळे. स्वस्त मालात पैसे वाचतात ते बहुधा या दुसऱ्या कामात.

स्वस्त इअरफोन विकणाऱ्या अनेक कंपन्या ड्रायव्हर स्वतः बनवत नाहीत. चीनमधल्या शेन्झेन आणि डोंग्वान परिसरातल्या कारखान्यांकडून 10 मिलिमीटरच्या आसपासचे तयार ड्रायव्हर घ्यायचे आणि ते आपल्या कवचात बसवायचे, हा नित्याचा व्यवहार आहे. त्यात गैर काहीच नाही. मात्र या ड्रायव्हरमध्ये केसासारख्या तारेचे वेटोळे पातळ पडद्याला चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या अरुंद फटीत मधोमध तरंगावे लागते. गोंद जरा जास्त झाला तर पडदा जड होतो, वेटोळे तिरके बसले तर खालच्या स्वरांना घासून खरखरते, आणि मागच्या छिद्रावरचा कागद थोडा दाट निघाला तरी खर्ज बदलतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा कारखाना प्रत्येक ड्रायव्हर मोजतो, कोणत्या स्वराला किती आवाज येतो याचा आलेख काढतो आणि सारख्या आलेखाच्या जोड्या लावतो. त्याला वेळ लागतो, आणि जोडीदार न सापडलेले ड्रायव्हर मागे उरतात, तो खर्चही कुणाला तरी सोसावा लागतो.

जुलैत उजवी बाजू एकदम निम्म्यावर आली. या वेळी मात्र कारण वेगळे होते. गर्दीतला घाम आणि पावसाळी हवा यांमुळे नळीच्या तोंडावरच्या बारीक जाळीत पाण्याचा पापुद्रा धरला होता. उजेडात तिरके धरले की तो चकाकताना दिसे. सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवल्यावर आवाज परतला, पण तो मूळच्या डाव्या भुवईपर्यंतच. ओलाव्याचा दोष आणि जोडी न जुळण्याचा दोष असे आपोआप वेगळे झाले. हा प्रयोग करण्यापूर्वी कोणी इअरफोन टाकून देऊ नयेत.

विक्रेत्याने बदली जोडी पाठवली आणि जुनी परत मागितली नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवे. नव्या जोडीच्या जाळीचा रंग निराळा आहे, कवचावरचे छिद्रही थोडे सरकलेले आहे, नाव आणि मॉडेल मात्र तेच. हाती चार नग आल्यावर एका रविवारी मी कारखान्याचे काम घरी करून पाहिले, म्हणजे जुना डावा आणि नवा उजवा अशी जोडी लावली. आवाजाची पातळी जवळपास जुळली, पण नव्याचा खर्ज भरदार निघाल्यामुळे डग्ग्याचा घुमारा एका बाजूला आणि तबल्याच्या कडेवरची चाट दुसऱ्या बाजूला असे विचित्र चित्र उभे राहिले. तेव्हा तो नाद सोडला.

सध्या नवीच जोडी वापरतो. तिच्यातही स्वर किंचित उजवीकडे झुकतो, म्हणून फोनच्या सुलभता सेटिंगमधली डाव्या-उजव्या समतोलाची पट्टी मी जराशी डावीकडे सरकवून ठेवली आहे.