वाचनालयातला स्टुडिओ: तयार बूथ आणावा की खोली बांधावी?

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायची, गिरणगावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी नोंदवायच्या, लेखकांच्या मुलाखती चित्रित करायच्या. यासाठी स्टुडिओ हवा असं कार्यकारी मंडळात ठरलं की प्रश्न येतो: बाजारातला ध्वनिरोधक बूथ, म्हणजे पॅनल जोडून उभी करायची छोटी केबिन, आणायचा, की आहे त्या खोलीच्या आत दुसरी खोली बांधायची?

बूथला तोडफोड लागत नाही. जागा भाड्याची असेल तर सोडताना तो सुटा करून नेता येतो. एकट्याने बसून पुस्तक वाचायला तो पुरतो. पण मुंबईत खरी डोकेदुखी खर्जातल्या आवाजांची: लोकलची धडधड, बेस्टच्या बसचं इंजिन, गणपतीतले ढोल. हे आवाज अडवायला वजन लागतं आणि हलक्या पॅनलमध्ये नेमकं तेच नसतं. वजनदार बूथ घ्यायचा तर गिरगावातल्या जुन्या इमारतीची लाकडी तुळयांवरची जमीन तो पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारूनच ठरवावं.

आतली खोली म्हणजे मूळ भिंतीला न टेकणारा सांगाडा, त्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर आणि पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. छतही तसंच. चारही बाजूंनी पाच-सहा इंच जातात, इथे इंचाइंचाला किंमत असताना ते जिवावर येतं. तरी जागा स्वतःची असेल तर मी हाच पर्याय सुचवेन. मात्र दाराखाली बोटभर फट राहिली तर सगळा खर्च पाण्यात, कारण हवा येते तिथून आवाज येतो. कंत्राटदार भिंतीवर फोम चिकटवून ‘साउंडप्रूफ’ म्हणू लागला तर त्याला तिथेच थांबवा. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही.

व्हिडिओ करायचा असेल तर छोटा बूथ बादच. समोरासमोर दोन माणसं, दोन-अडीच मीटरवर कॅमेरा, बाजूला दिवे, एवढी जागा लागतेच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवलं की चित्रात पट्टे येत नाहीत. दिव्यांनी खोली तापते, एसी लावला की त्याची घरघर माइकमध्ये. एसीचं युनिट खोलीबाहेर ठेवून रुंद डक्टमधून संथ हवा आणणं उत्तम. तेवढं परवडत नसेल तर आधी खोली गार करून रेकॉर्डिंगपुरता एसी बंद ठेवावा.

पैसे बेताचे असतील तर रस्त्यापासून लांबची, पुस्तकांच्या कपाटांनी वेढलेली खोली निवडा आणि डायनॅमिक माइक घ्या, तो मुख्यतः जवळचा आवाज घेतो. कंडेन्सर हा दुसरा, जास्त संवेदनशील प्रकार आजूबाजूचं फार टिपतो, शिवाय पावसाळ्यातल्या दमटपणात त्याला सिलिका जेलच्या डब्यात जपावं लागतं. खर्चाचा क्रम आधी दार, मग एसी आणि हवेची सोय, मग माइक, कॅमेरा शेवटी.

कोटेशन मागवण्याआधी त्या खोलीत संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मोबाइलवर पाच मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि बैठकीत सगळ्यांना हेडफोनवर ऐकवा.